बुलेटवर उपग्रह रेडिओ बसवायचा आहे (इंदूर ते ओंकारेश्वर)

बुलेट_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

माझी गाडी १९९८ ची बुलेट ३५०. पॉइंटवाली (जुन्या पद्धतीच्या इग्निशनची), उजव्या पायात गिअर, बॅटरी १२ व्होल्टची. भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने त्याची लांबच्या प्रवासाची मोटरसायकल विकली आणि तिच्यावरचा सिरिअस एक्सएम या अमेरिकन उपग्रह रेडिओ सेवेचा संच ताईच्या बॅगेतून माझ्यासाठी पाठवला. तळहातापेक्षा जरा मोठा डबा, तो अडकवायचा साचा, १२ व्होल्टची वायर आणि अँटेना. अँटेना म्हणजे आलेपाकाच्या वडीएवढी काळी चौकोनी वडी, खाली लोहचुंबक, मागे वीसेक फूट बारीक वायर. काल संध्याकाळी टाकीवर ठेवून पाहिली. चुंबक इतकं कडक आहे की गाडी स्टँडवर चालू ठेवली तरी वडी जागची हलली नाही.

आता अडचणी. टाकीवर ठेवली तर ती माझ्या छातीच्या आड येते. मागच्या मडगार्डवर लावली तर वायर सीटखालून आणावी लागेल, आणि ती इग्निशन कॉइलजवळून जाईल. त्याने खरखर येईल का? करंट बॅटरीवरून थेट घ्यायचा की किल्लीच्या पुढून? हेल्मेटमध्ये आवाज वायरने आणावा की ब्लूटूथने? आणि उन्हापावसात हा डबा टिकवायचा कसा?

हे सगळं कशासाठी तेही सांगतो. बाबा मालवा हाउसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, काळातले. १९५५ साली इंदूरला आकाशवाणी आली तेव्हा ते शाळेत होते, आणि पुढे आयुष्यभर घरातल्या रेडिओची सुई ६४८ किलोहर्ट्झवरून हलली की त्यांना चालायचं नाही. २००६ साली त्यांनी वर्ल्डस्पेसचा संच घेतला. उपग्रहावरून थेट येणारा रेडिओ, खरखर नाही, फेडिंग नाही. गंधर्व नावाची वाहिनी होती, दिवसरात्र हिंदुस्थानी शास्त्रीय. सुरभि मराठीची, फरिश्ता जुन्या हिंदी गाण्यांची. आई सुरभि लावायची, ती स्वयंपाकघरात गेली की बाबा गंधर्व लावायचे.

श्रावणात दर सोमवारी आम्ही बापलेक बुलेटवर ओंकारेश्वरला जायचो. २००७ च्या श्रावणात बाबा म्हणाले, रेडिओ घेऊन जाऊ. सेलवर चालणारा संच शबनम पिशवीत, पिशवी त्यांच्या गळ्यात, अँटेना हातात. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं हेल्मेटखालून माझ्या डाव्या कानात. मी गाडी ३० च्या वर नेतच नव्हतो. तेजाजी नगर मागे पडलं आणि गंधर्व लागलं. रस्ता वळला की बाबा हात वळवायचे. जाताना अँटेना माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे धरलेली, कोपर माझ्या खांद्यावर टेकलेलं. सूर तुटला की कोपर उचललं जायचं, परत जुळला की टेकायचं. येताना मात्र त्यांना ते जमायचं नाही, अँटेना पाठीमागे धरावी लागायची. मग ती कॅरिअरला दोरीने बांधून यायचो, अधूनमधून लागायचं. भेरूघाट आला की बाबा संच बंद करून टाकायचे. ‘आता गाडीचं ऐक,’ म्हणायचे.

३१ डिसेंबर २००९ ला वर्ल्डस्पेस भारतात बंद झालं. २०१३ साली बाबा गेले. संच कपाटात आहे, अँटेना आणि तिच्याखालचा लाकडी ठोकळाही. भाच्याला हे सगळं माहीत होतं म्हणूनच त्याने हा रेडिओ पाठवला. श्रावण तोंडावर आलाय. या वर्षी त्या रस्त्यावर आकाशातून येणारं गाणं परत ऐकायचं आहे. कसं बसवू?

रामबागचा_न्यूजर्सीत

काका, नमस्कार. मी मूळचा इंदूरच्या रामबागेतला, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. माझ्या गोल्ड विंग मोटरसायकलवर हाच रेडिओ आहे, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. गाडीला एकही भोक पाडू नका. हा संच इंदुरात एक अक्षर बोलणार नाही.

संचात काही बिघाड नाही. उपग्रहच आपल्या आकाशात नाहीत. २००१ मध्ये एक्सएम सुरू झालं ते विषुववृत्तावर पश्चिम रेखांश ८५ आणि ११५ इथल्या उपग्रहांवरून. सिरिअस २००२ चं, त्यांचे पहिले उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेतून अमेरिकेवरच जास्त वेळ रेंगाळतील असे सोडलेले. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. इंदूर पूर्व रेखांश ७६ च्या जवळ. म्हणजे ते उपग्रह तुमच्या क्षितिजाच्या खूप खाली आहेत, मध्ये अख्खी पृथ्वी आहे. शिवाय संचाचा एक आयडी असतो, तो वर्गणी भरून चालू करून घ्यावा लागतो आणि ती सेवा उत्तर अमेरिकेपुरतीच आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून इथे कसं बसवतात ते मात्र सांगतो, कारण तुमची शंका अगदी बरोबर जागेवर आहे. हा सिग्नल २.३ गिगाहर्ट्झचा, लहर सुमारे १३ सेंटिमीटरची. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, ती हा सिग्नल सरळ खाते. टाकीवर अँटेना लावली की चालवणारा स्वतःच तिची सावली होतो. मी माझी मागच्या डिकीच्या झाकणावर लावली आहे. झाकण प्लास्टिकचं, चुंबक धरत नव्हतं. आतून हाताच्या पंजाएवढी पोलादी पत्र्याची चकती चिकटवली आणि वर अँटेना बसवली. ही चकती चुंबकासाठी लागते तेवढीच अँटेनेसाठीही. खाली धातू असला की ती वरचं आकाश नीट बघते, नुसत्या प्लास्टिकवर माझी सपाट मोकळ्या रस्त्यावरही सिग्नल चुकवत होती. उरलेली वायर घट्ट गुंडाळून कॉइलपाशी कोंबू नये, सीटखाली सैल वेटोळं करून ठेवावी. करंट किल्लीच्या पुढून, २ अँपिअरचा फ्यूज लावून. बॅटरीवरून थेट दिला तर गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, मी हा अनुभव थंडीत घेतला आहे.

तरी इथेही तो सगळीकडे लागत नाही. एकाच कार्यक्रमाच्या दोन प्रती दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या अंतराने येतात, म्हणून पुलाखालून गेलं तर कळतसुद्धा नाही. शहरांत उंच इमारतींच्या आड जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल परत पाठवणारे मनोरे, आहेत. पण बोगद्यात शिरलं की शांत, आणि पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत दाट झाडीखाली तुटत तुटत.

तुमच्या बाबांनी अँटेना हातात धरून तुमच्या खांद्यावरून पुढे नेली ते वाचून मी थांबलो. डिकीच्या झाकणावर अँटेना नेताना मी नेमकं हेच शोधत होतो, चालवणाऱ्याचं शरीर मधून काढणं.

बुलेट_लोकमान्यनगर

दादा, तुम्ही बरं केलंत लगेच सांगितलंत. मी उद्या सकाळी सीट खोलणारच होतो.

वाईट वाटलं हे खरं. भाच्याला काय सांगू हा वेगळा प्रश्न. पण मग इथे भारतात आज असं काही आहे का? मला फोनमध्ये गाण्यांची यादी भरून ऐकायची नाही. ती माझ्याकडे आहे, बाबांच्याच आवडीची दोनशे रेकॉर्डिंग आहेत. मला आत्ता कुणीतरी कुठूनतरी लावलेलं हवं आहे. पुढे काय लागणार हे मला माहीत नसावं. बाबा रेडिओच ऐकायचे, कॅसेट कधी घेतली नाही, ते याचसाठी.

फिजिक्सवाली_ग्वाल्हेर

काका, मी ग्वाल्हेरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. तुमची पोस्ट वाचून वहीवर आकडेमोड केली, ती आधी देते.

वर्ल्डस्पेसचा आशियासाठीचा उपग्रह एशियास्टार. मार्च २००० मध्ये सोडलेला, पूर्व रेखांश १०५ वर उभा, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर. इंदूरहून बघितलं तर तो उत्तरेपासून उजवीकडे १२५ अंशांवर येतो, म्हणजे आग्नेयेला, थोडा पूर्वेकडे झुकलेला. क्षितिजापासून उंची ४८ अंश. आता तुमचा रस्ता. इंदूर ते ओंकारेश्वर सरळ रेघ ओढली तर ती १५० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे जाताना उपग्रह तुमच्या समोर, डावीकडे २५ अंशांवर आणि आकाशात निम्म्याहून थोडा वर. बाबांनी अँटेना जिथे धरली होती तिथेच, तुमच्या डाव्या खांद्याच्या वर. येताना तो पाठीमागे उजवीकडे जाणार, म्हणून त्यांना धरता येत नव्हतं. हे गणित मी मुलांना फळ्यावर शिकवते. तुमच्या बाबांनी ते चालत्या गाडीवर सूर ऐकून केलं.

ते जमलं कारण वर्ल्डस्पेसची लहर मोठी होती, जवळपास २० सेंटिमीटरची, आणि अशा लहान चपट्या अँटेनेची नजर रुंद असते. थोडी वाकडी झाली तरी चालतं, पाठ फिरवली की जातं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लहान अँटेनेवर, चालत्या गाडीत लागेल असा उपग्रह रेडिओ आज भारतात नाही. उपग्रहावर आकाशवाणी आहे, पण डीडी फ्री डिशवर. तो जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ वर. तिथे लहर अडीच-तीन सेंटिमीटरची, तबकडी लागते आणि तिचा नेम एक-दोन अंशांच्या आत लागावा लागतो. मोटरसायकलवर ते होणं नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम्’ नावाची वाहिनी चालू आहे. चोवीस तास शास्त्रीय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. आकाशवाणीच्या ध्वनिभांडारातलं बरंच काही तिथे लागतं. ती फ्री डिशवरही आहे आणि न्यूज ऑन एआयआर या प्रसार भारतीच्या ॲपवरही. पुढे काय लागेल ते तुम्हाला माहीत नसतं. डेटा फार खात नाही: सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला २९ एमबी. ओंकारेश्वरला जाऊन यायला चार-पाच तास चालू ठेवलं तरी दीडशे एमबीच्या आत.

मोबाइलचं नेटवर्क आहे तोवरच लागेल हे उघड आहे. घाटात जाईल.

वायरिंगवाला_छावणी

काका, माझं छावणीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, बुलेटचं वायरिंग जास्त करून. ताईंनी आकाशातलं सांगितलं, मी जमिनीवरचं सांगतो.

फोन आणि ब्लूटूथ असेल तर वायरिंगला हात लावायचीच गरज नाही. लोक पहिली चूक काय करतात, फोन हँडलवर लावतात. बुलेटच्या थरथराटाने फोनच्या कॅमेऱ्याचं आतलं काम ढिलं होतं, माझ्याकडे असे फोन घेऊन माणसं येतात आणि ते माझ्या हातातलं काम नसतं. फोन छातीच्या खिशात, झिपवाल्या, आणि शेजारी लहान पॉवर बँक. संपलं. चालताना फोन हातात घ्यायचा नाही, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये येतं आणि जिवालाही येतं. वाहिनी घरून लावून निघायचं, बदलायची तर गाडी बाजूला उभी करून.

हेल्मेटमध्ये कानाच्या जागी अस्तराखाली खळगा असतो, स्पीकर तिथे बसवतात. यात सगळ्यात जास्त चुका होतात. स्पीकर कानाच्या अर्धा इंच खाली किंवा मागे गेला तर अर्धा आवाज हवेत. करायचं असं. हेल्मेट घाला, अस्तरावरून बोटाने कानाचं भोक चाचपा, तिथे खडूची खूण करा, हेल्मेट काढून खुणेवर स्पीकरचा मध्य आणा. मग परत घालून दहा मिनिटं घरात बसा. कान दुखायला लागला तर खळगा कमी पडतोय, मागचा फोम पातळ करा. पण डोक्याच्या संरक्षणाचं थर्माकोल कोरायचं नाही. कुणी मिस्त्री कोरून देतो म्हणाला तर उठून या.

आणि काका, फक्त डावा स्पीकर लावा. खंडवा रोडला ट्रक आणि बस तुम्हाला उजवीकडून ओलांडतात. उजवा कान मोकळा हवा. आवाज इतकाच की मागचा हॉर्न त्याच्यावरून ऐकू आला पाहिजे.

साधा एफएम किंवा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर गाडीवर लावायचा मनात असेल तर मात्र तुमच्या पॉइंटवाल्या गाडीला थोडं काम लागेल. प्रत्येक ठिणगीला खरखर येते आणि गाडी रेस केली की खरखरही रेस होते. प्लगच्या नंबरात आर अक्षर आहे का बघा. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. नसेल तर आरवाला प्लग आणि रेझिस्टरची प्लग कॅप घाला. पॉइंटचा कंडेन्सर जुना असेल तर तोही. एवढ्याने निम्मी खरखर जाते.

बुलेट_लोकमान्यनगर

ताई, तुमचा १२५ आणि ४८ वाचून मी रात्रीच कपाट उघडलं. अँटेनेखालचा बाबांचा लाकडी ठोकळा काढला. सागवानाचा आहे, बाबांनी स्वतः करवतीने तिरका कापलेला, वरच्या उतारावर अँटेना टेकायची. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजला. खालच्या सपाट बाजूपासून उतार ४२ अंशांचा आला. दोनदा मोजला, ४२ च. तुम्ही ४८ म्हणता. बाबांचा अंदाज सहा अंशांनी चुकला होता का? पण मग खिडकीत तो तीन वर्षं एकदाही न हलवता कसा चालला? ठोकळ्याच्या तळाला त्यांनी पेन्सिलने बाण काढलाय आणि ‘पाण्याची टाकी’ लिहिलंय. आमच्या खिडकीतून तेव्हा आग्नेयेला एक पाण्याची टाकी दिसायची, आता इमारत झाली.

फिजिक्सवाली_ग्वाल्हेर

काका, सहा अंशांची चूक नाही, एका अंशाचीही नाही. उतार आडव्यापासून ४२ अंशांचा आहे. त्याच्यावर टेकलेली अँटेना बघते ती उताराला काटकोनात. ९० मधून ४२ वजा करा. ४८.

आणि टाकीचा बाण म्हणजे दिशेचा कोन. उंचीसाठी ठोकळा, दिशेसाठी टाकी. सरकारी वेधशाळेतही दोनच आकडे लागतात.

आता मी एक सुचवते. गाडीवर उपग्रह येणार नाही, पण घरी येईल. इंदूरहून जीसॅट-१५ उत्तरेपासून १४० अंशांवर, उंची ५७ अंश. बाबांच्या दिशेपासून १५ अंश उजवीकडे आणि ९ अंश वर. म्हणजे त्यांच्या खिडकीतून जे आकाश दिसायचं तेच, फक्त थोडं वर. टाकीच्या जागी इमारत आली म्हणता, ती किती उंच आहे ते बघा. खिडकीतून मान वर करून ५७ अंशांवर मोकळं आकाश दिसत असेल तर खिडकीबाहेर लहान तबकडी बसेल, नाहीतर गच्चीवर. रागम् उपग्रहावरून घरात, आणि गाडीवर फोनवरून.

बुलेट_लोकमान्यनगर

या सोमवारी जाऊन आलो. श्रावण लागायला अजून थोडे दिवस आहेत, पण आधी एकदा तपासून घ्यावं म्हटलं. सविस्तर लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

रविवारी डावा स्पीकर बसवला, खडूची खूण करूनच. माझा कान मला वाटत होता त्यापेक्षा बराच मागे निघाला. सकाळी सहाला निघालो. भंवरकुआपर्यंत रागम्‌वर वीणा लागली होती, कर्नाटकी, मला त्यातलं फार कळत नाही, पण सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर छान वाटली. तेजाजी नगरला आठवणीने वेग ३० वर आणला. मग सारंगी लागली. कोण वाजवत होतं ते नाव हॉर्नमध्ये गेलं.

आवाजाबद्दल: ४० पर्यंत सगळं ऐकू येतं. पन्नासला तानपुरा जातो. साठला मंद्र सप्तक बुलेटच्या ठोक्यातच मिसळून जातं, वरचे सूर तेवढे राहतात. ख्याल असेल तर विलंबितात निम्मं गाणं हरवतं. सारंगी, बासरी, सतार ठीक. आवाज वाढवायचा मोह होतो, वाढवला नाही. वायरिंगवाले, उजव्या कानाचं तुमचं म्हणणं सिमरोलच्या अलीकडेच पटलं. मागून डंपर आला, तो आरशात दिसायच्या आधी मला ऐकू आला.

सिमरोलच्या पुढे दोनदा अडखळलं, परत लागलं. भेरूघाटाचं पहिलं वळण लागायच्या आधी मी गाडी बाजूला घेतली, फोन काढला, बंद केला. तुटेपर्यंत थांबलो नाही. घाट नुसत्या गाडीच्या आवाजावर उतरलो. बलवाड्याला चहा घेतला, तिथे परत लावलं. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा दिसली तेव्हा कुणीतरी भैरव गात होतं, आणि सकाळचे आठ वाजायचे होते, म्हणजे वेळेवरच होतं.

डावा खांदा मात्र रिकामा वाटत होता. ते काही बसवता येण्यासारखं नाही.

खिडकीचं: समोरची इमारत चार मजल्यांची आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कोनमापकाला दोरा आणि नट बांधून नातवाने मोजलं. इमारतीचा माथा ३८ अंशांवर येतो. ५७ ला मोकळं आकाश आहे. तबकडीवाल्याला सांगितलंय. खिडकीच्या चौकटीला बाबांनी ठोकलेला लोखंडी कोन अजून आहे, तो तबकडीचं वजन घेईल का बघतो, नाहीतर नवा लावू.

भाच्याशी बोललो. तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला, मामा, मी आधी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तू पाठवला नसतास तर मी हा प्रश्नच विचारला नसता.

रामबागचा_न्यूजर्सीत

काका, भाचा न्यू जर्सीत कुठे असतो ते मला वेगळं कळवा. तो संच परत इकडे आला तर कुणाच्यातरी गाडीवर चालेल, इथे आपल्या मराठी मंडळींतच दोघं-तिघं लांबच्या गाड्या चालवतात. अँटेना इकडच्या आकाशासाठी केलेली आहे, तिला आकाश मिळू दे. आणि घाटात तुम्ही आधीच बंद केलंत ते वाचून माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, रामबागेत खालच्या मजल्यावरही एक वर्ल्डस्पेस होता, आम्ही मुलं दुपारी ऐकायला जायचो. मला काहीच आठवत नव्हतं.

बुलेट_लोकमान्यनगर

जरूर. ताई डिसेंबरमध्ये परत जाणार आहे, तिच्याकडे देतो. वायर नीट गुंडाळून, सैल.

वायरिंगवाले, एक राहिलं. परतीच्या वाटेवर घामाने स्पीकरची चिकटपट्टी सुटली आणि स्पीकर गळ्यात आला. दुसरं काही लावता येईल का? आणि प्लगच्या नंबरात आर नाही, बघितला. घरातला जुना ट्रान्झिस्टर एकदा टाकीवर ठेवून बघायचा आहे, फक्त एकदाच. दुकान किती वाजता उघडतं?

वायरिंगवाला_छावणी

साडेदहाला. पण काका, पुढचा सोमवार गाठायचा असेल तर रविवारी सकाळी या, दुकान बंद असतं पण मी वरच राहतो, खालून हाक मारा. चिकटपट्टीच्या जागी अस्तराला दोन टाके घालून पिशवी शिवून देतो, स्पीकर आत सरकवायचा. प्लग, कॅप, कंडेन्सर तिन्ही माझ्याकडे आहेत. हेल्मेट आणि ट्रान्झिस्टर दोन्ही घेऊन या.